हृदय उत्तम चाललंय, मग बीपी का उभं राहत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे. महाधमनीची झडप बदलली, सोबत दोन बायपास. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावरून, म्हणजे पंपावरून, उतरवताना बीपी काही उभं राहीना. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "हृदय छान चाललंय, पण रक्तवाहिन्या सैल पडल्यात." दोन औषधं चालू होती, मग तिसरं निळ्या रंगाचं दिलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतली लघवी हिरवी दिसली. विचारणारी मुलगी एमएस्सीला आहे, पेशींमधले संकेतमार्ग परीक्षेसाठी पाठ करते आहे. तिचा मुद्दा असा की त्या बाणांच्या तक्त्यांचा आणि बाबांच्या बीपीचा खरंच काही संबंध असतो का, की ते फक्त पेपरात लिहायचं असतं?

असतो. मी सत्तावीस वर्षं हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतोय. तुमचा तो तक्ता म्हणजे आमच्या औषधांच्या ट्रॉलीचाच नकाशा आहे. फक्त आम्ही तो उलटा वाचतो: आधी बीपी पडलेलं दिसतं, मग बाण कुठे तुटला ते शोधायचं.

आधी गणित. बीपी म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं आणि त्याला पुढे किती अडथळा होतो, या दोघांचा गुणाकार. अडथळा मुख्यतः बारीक धमनिका ठरवतात, आणि तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. धमनिका नुसत्या २० टक्क्यांनी रुंदावल्या तरी अडथळा निम्म्याच्याही खाली येतो. तुमच्या वडिलांसारख्या केसमध्ये मॉनिटरवर साधारण असे आकडे दिसतात: सरासरी दाब ४८, शिरांमधला दाब ८, हृदयाचं काम मिनिटाला साडेसहा लिटर. ४८ मधून ८ वजा करा, साडेसहाने भागा, ८० ने गुणा. उत्तर येतं ४९० च्या आसपास. निरोगी माणसात ते ८०० ते १२०० असतं. म्हणजे हृदयाचा पंप नेहमीपेक्षा जास्तच पाणी मारतोय, पण खाली सगळे नळ सताड उघडे. याला व्हॅसोप्लेजिया म्हणतात. पंपावर केलेल्या ऑपरेशनांनंतर हे अजिबात दुर्मिळ नाही.

हे नळ आवळणारा स्नायू शाळेत आपण 'अरेखित, अनैच्छिक' एवढ्या दोन शब्दांत उरकलेला असतो. हातापायाच्या स्नायूत कॅल्शियम आलं की ट्रोपोनिन बाजूला सरकतं आणि आकुंचन होतं. रक्तवाहिनीच्या स्नायूत ट्रोपोनिनची ही व्यवस्थाच नाही. इथे कॅल्शियमचे चार आयन कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतात, ती जोडी किनेज नावाच्या एका एन्झाइमला जागं करते, आणि ते किनेज मायोसिनच्या हलक्या साखळीवर एक फॉस्फेट बसवतं. फॉस्फेट बसला की स्नायू आवळतो. दुसरं एक एन्झाइम, फॉस्फटेज, तो फॉस्फेट उतरवतं आणि स्नायू सैल पडतो. एक बसवणारा, एक उतरवणारा. बीपी म्हणजे या दोघांची चोवीस तासांची ओढाताण.

आता ट्रॉलीकडे या. नॉरॲड्रेनलिन (आमच्या तोंडी 'नॉरॲड') स्नायूच्या पेशीवरच्या अल्फा-वन रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. तिथून जी-क्यू प्रथिन, मग फॉस्फोलायपेज सी, मग आयपी-थ्री. आयपी-थ्री पेशीच्या आतली कॅल्शियमची कोठी उघडतं, शिवाय पेशीच्या भिंतीतल्या वाटेनं बाहेरचं कॅल्शियमही आत येतं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं ऱ्हो-किनेज हे आणखी एक एन्झाइम उतरवणाऱ्याचे हात बांधतं, म्हणजे तेवढ्याच कॅल्शियममध्ये स्नायू जास्त आवळतो. विद्यार्थी हा दुसरा भाग गाळतात, आणि पेपरात नेमका तोच विचारतात.

सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिल्यावर आईला मळमळतं, बीपी खाली जातं, तेव्हा याच रस्त्याचं सुरुवातीचं टोक तुटलेलं असतं: पायांकडच्या नसा बधिर झाल्या, त्यांच्या टोकातून नॉरॲड्रेनलिन सुटेना. आपल्याकडच्या थिएटरांत वर्षानुवर्षं वापरलं जाणारं मेफेंटरमाइन नसांच्या टोकात साठवलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर काढतं. म्हणून पहिला डोस झकास चालतो, चौथ्याला धार बोथट झालेली असते, कारण कोठी रिकामी. फेनिलेफ्रिन साठ्याच्या भानगडीत न पडता थेट रिसेप्टरवर बसतं. दोन्ही 'बीपी वाढवायची औषधं', पण नकाशावर त्यांची ठिकाणं वेगळी.

तुमच्या बाबांकडे परत येऊ. पंपावर असताना शरीरातलं सगळं रक्त तासदोनतास प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं. शरीराला ते परकं वाटतं, प्रतिकारशक्ती खवळते. पुढे काय काय बिघडतं याची यादी मोठी आहे, मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पोटॅशियमचा दरवाजा. स्नायूच्या पेशीवर पोटॅशियमच्या अशा वाहिन्या असतात, ज्यांना एटीपी (पेशीचं इंधन) बंद ठेवतं. पेशीत ऊर्जा कमी पडली, आम्ल वाढलं, लॅक्टेट साचलं की त्या उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशीची आतली बाजू अधिक ऋण होते, आणि कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिन्या उघडतच नाहीत. मग बाहेरून नॉरॲड कितीही ओता, रिसेप्टर ओरडून सांगतोय, कॅल्शियम मात्र दाराबाहेर उभं. दुसरी, स्वतः रिसेप्टर. सतत मारा झाला की पेशी त्यांना निष्क्रिय करते, आत ओढून घेते. तिसरी, आणि निळ्या औषधाशी संबंधित, नायट्रिक ऑक्साइड.

या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, आणि ती विषयाबाहेरची नाहीही. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. ॲसिटिलकोलिन दिलं की पट्टी आवळायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण. १९७८ मध्ये एका प्रयोगात तंत्रज्ञाकडून पायऱ्यांचा क्रम चुकला, आणि पट्टी आवळण्याऐवजी सैल पडली. खोदून पाहिल्यावर कळलं की पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जायची, आणि आतलं अस्तर, एन्डोथेलियम, निघून जायचं. अस्तर शाबूत असेल तर धमनी सैल पडते, घासलेलं असेल तर आवळते. १९८० मध्ये त्यांनी हे छापलं. अस्तरातून निघणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू हे पुढे सिद्ध झालं, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. गंमत अशी की ज्यांच्या नावानं ते पारितोषिक आहे त्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या काळात डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीनच सुचवलं होतं. सुरुंगाची दारू पोटात घ्यायची कल्पना त्यांना काही पटली नाही. नायट्रोग्लिसरीन शरीरात नायट्रिक ऑक्साइडच देतं.

हा वायू अस्तरातून शेजारच्या स्नायूत शिरतो, ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमला चालू करतो, सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, आणि तो दोन कामं करतो: कॅल्शियम कमी करतो आणि उतरवणाऱ्याला जोर देतो. रोजच्या जगण्यात हे थोड्या प्रमाणात, मोजूनमापून चालतं. पण अंगात दाह पेटला की स्नायूची पेशी स्वतःच नायट्रिक ऑक्साइड बनवणारं वेगळं एन्झाइम तयार करते, आणि ते कॅल्शियमचा लगाम न मानता तासन्‌तास वायू सोडत राहतं. ते तयार व्हायला काही तास लागतात, म्हणून टेबलावरच बीपी कोसळलं तर सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आयसीयूत पहिल्या रात्री मात्र त्याचं राज्य असतं.

तुमच्या बाबांचं निळं औषध, मेथिलिन ब्लू, ग्वानिलेट सायक्लेज अडवतं, वायू बनवणाऱ्या एन्झाइमलाही रोखतं. नॉरॲड बसवणाऱ्याला बळ देत होतं, हे उतरवणाऱ्याकडे जाणारा निरोप मधेच कापतं. डोस साधारण किलोमागे दीड ते दोन मिलिग्रॅम, हळूहळू. दोनपैकी दुसरं औषध बहुधा व्हॅसोप्रेसिन असणार. त्याचा रिसेप्टर वेगळा, व्ही-वन, म्हणून अल्फा-वन थकलेले असले तरी त्याला फरक पडत नाही. ते पोटॅशियमचा दरवाजाही बंद करायला मदत करतं. शिवाय अशा धक्क्यात मेंदूतला व्हॅसोप्रेसिनचा साठा संपत आलेला असतो, त्यामुळे मिनिटाला ०.०३ युनिट इतक्या क्षुल्लक मात्रेनंही बीपी वर येताना दिसतं. फुफ्फुसातल्या वाहिन्यांना ते फारसं आवळत नाही. झडपेच्या जुन्या रुग्णांत फुफ्फुसाचा दाब आधीच चढलेला असतो, तिथे हे मोलाचं.

नवखा असताना मी एकच गोष्ट करायचो: बीपी पडलं, नॉरॲड वाढवा. अजून पडलं, अजून वाढवा. एका रात्री एका रुग्णाची बोटं माझ्या डोळ्यांदेखत काळवंडायला लागली, आणि बीपी होतं तिथेच. पहाटे वरिष्ठ आले. त्यांनी औषधांच्या पंपांकडे पाहिलंच नाही, आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. आम्ल वाढलेलं, आयनिक कॅल्शियम कमी, अंग ३४ अंशांवर. भरपूर रक्त चढवलं होतं, त्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून बसलं होतं. "बसवणारा कॅल्शियमवर चालतो, ते द्यायचं सोडून चाबूक कशाला मारतोस?" एवढंच म्हणाले. कॅल्शियम दिलं, आम्ल सावरलं, अंग गरम केलं, आणि तासाभरात नॉरॲड निम्म्यावर आलं. तेव्हापासून माझा नियम: एकाच टोकाला तिसऱ्यांदा ढोसण्याआधी बाण कुठे तुटलाय ते बघायचं.

निळ्या औषधाच्या दोन खोडी माहीत असाव्यात. एक निरुपद्रवी: दिल्यावर दोनेक मिनिटांत बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा धाडकन खाली येतो. नवीन सिस्टर घाबरून ओरडतात. ऑक्सिमीटरचा लाल दिवा ६६० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि मेथिलिन ब्लू ६६८ ला सर्वात जास्त प्रकाश शोषतं, म्हणून यंत्र फसतं. धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन व्यवस्थित. लघवीचं तसंच. निळा अधिक नेहमीचा पिवळा, हिरवा.

दुसरी खोडी जिवावर बेतणारी. हे औषध मेंदूतलं सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम अडवतं. रुग्ण आधीच एस्सिटॅलोप्रॅमसारखी नैराश्यावरची गोळी घेत असेल तर सेरोटोनिन बेसुमार साचतं, ताप, झटके, स्नायूंचा ताठरपणा. आपल्या घरांत ही गोळी 'झोपेची गोळी' या नावाखाली चालते. एकदा मी सिरिंज भरून हातात घेतली होती, तेवढ्यात रुग्णाच्या सुनेनं बाहेरून चिठ्ठी पाठवली: सासूबाईंच्या कपाटात ही पट्टी सापडली, सांगायची राहिली. ते औषध दिलं नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनाही मेथिलिन ब्लू चालत नाही, तांबड्या पेशी फुटतात. मुंबईत पारशी रुग्ण असेल तर हा प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो.

बीपीच्या गोळ्यांचंही असंच. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा (वाहिन्या आवळणाऱ्या आणखी एका संप्रेरकाचा) रिसेप्टर बंद ठेवतं आणि २४ तासांनंतरही अंगात बरंच उरतं. म्हणजे भूल दिल्यावर शरीराचा तिसरा राखीव रस्ताही बंद. ऑपरेशनआधी ही गोळी थांबवावी की नाही यावर भरपूर वाद झालेत. हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या ऑपरेशनांसाठी फ्रान्समध्ये २,२२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जी २०२४ मध्ये छापून आली, मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत दोन्ही गटांत सारखीच होती. चालू ठेवणाऱ्यांत ऑपरेशनदरम्यान बीपी मात्र जास्त जणांचं पडलं. मी हृदयाच्या ऑपरेशनाआधी अजूनही आदल्या दिवशी थांबवतो. यात काही जण माझ्याशी असहमत होतील, होऊ देत.

इथवर आवळण्याची गरज होती. सर्जनची डोकेदुखी नेमकी उलटी: बायपाससाठी काढलेली वाहिनी आवळायला नको. मनगटाजवळची रेडियल धमनी हे त्याचं उत्तम उदाहरण. तिच्या भिंतीत स्नायूचा थर जाड. कॉटरी (विजेनं जाळून रक्त थांबवणारं हत्यार) जरा जवळ गेली की डोळ्यांसमोर ती बॉलपेनच्या रिफिलएवढी होते, पांढरी फटक. पॅपाव्हरिनमध्ये भिजवून कोमट ठेवली की दहाएक मिनिटांत पुन्हा फुगते. पॅपाव्हरिन अफूतून येतं, पण त्याला नशा नाही. ते सीएएमपी आणि सीजीएमपी मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे सैल पडण्याचा निरोप रेंगाळत ठेवतं. सिल्डेनाफिल, अर्थात व्हायग्रा, त्याच कुळातलं. ती गोळी घेतलेल्याला नायट्रोग्लिसरीन दिलं तर बीपी रसातळाला का जातं हे आता तुम्हाला सांगावं लागणार नाही. म्हणून ऑपरेशनआधी आम्ही ज्येष्ठ पुरुषांना बायकोला बाहेर पाठवून तो प्रश्न विचारतो.

पॅरिसमध्ये अलँ कार्पेंतिए यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडियल वापरली आणि काही वर्षांतच सोडायला सांगितली, कारण ग्राफ्ट, म्हणजे बायपाससाठी जोडलेले वाहिनीचे तुकडे, आवळून बंद पडत होते. तेव्हा धमनी आवळली की आत धातूच्या कांड्या घालून ती रुंद करायचे. म्हणजे फर्चगॉटच्या पट्टीसारखंच, आतलं अस्तर घासून काढायचे! पुढे बंद समजलेले काही जुने ग्राफ्ट अनेक वर्षांनी उघडे सापडले, आणि १९९२ मध्ये त्याच गटानं ती धमनी पुन्हा वापरात आणली: आजूबाजूच्या ऊतींसह हळुवार काढून, कांड्या न घालता, कॅल्शियमची वाट अडवणारी औषधं देऊन. आज पायाच्या शिरेपेक्षा ती सरस ठरते, पण अट एक. ज्या कोरोनरीला, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या धमनीला, ती जोडायची तिथला अडथळा पक्का हवा. किरकोळ असेल तर मूळ वाहिनीतूनच रक्त जोरात येतं, ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतं आणि धमनी दोऱ्यासारखी बारीक होऊन जाते.

छातीतली मॅमरी धमनी मात्र राणी. तिच्या भिंतीत स्नायू कमी, लवचीक थर जास्त, आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सढळ हातानं सोडतं. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक उघड्या असतात. पायाच्या शिरा तोवर निम्म्या बंद झालेल्या. याचं एक कारण आपल्या हातात आहे. शीर काढल्यावर गळती तपासायला ज्युनिअर सिरिंजनं पाणी भरून ती फुगवतो. अंगठ्याच्या जोरानं दाब किती चढतो याचा त्याला अंदाज नसतो. शिरेला मात्र आयुष्यात कधीच तेवढा दाब माहीत नसतो. अस्तर सोलून निघतं. स्वीडनमधल्या ओरेब्रो इथे डोमिंगोस सूझा यांनी १९९० च्या दशकात भोवतालच्या चरबीसह, न फुगवता शीर काढायची पद्धत आणली. पायाची जखम भरायला थोडी कटकट होते, पण ती चरबी नायट्रिक ऑक्साइडचा स्रोत आहे हे कळल्यापासून आमचे सर्जन सिरिंज माझ्या ट्रॉलीवर ठेवायला सांगतात. ज्युनिअरच्या हाती लागू नये म्हणून.

शिरेचा पुढचा आजार आवळण्याचा नव्हे. अस्तर गेलं, धमनीचा दाब आला की स्नायूच्या पेशी आवळायचं काम सोडून वाढायला, सरकायला, माती टाकल्यासारखं भिंतीत साहित्य ओतायला लागतात. स्टेंटवर सिरोलिमस हे औषध लावून ही वाढ रोखता येते. शिरेत जनुकांच्या पातळीवर हेच करायचा मोठा प्रयत्न झाला, तीन हजारांवर रुग्णांत. २००५ मध्ये निकाल आला आणि काही उपयोग झाला नव्हता. तक्त्यावर बाण बरोबर दिसत होता तरीही. हे परीक्षेत विचारणार नाहीत, पण लक्षात ठेवा.

शेवटचा प्रश्न, बाबांना यातून कायमचं काही होईल का. निळं औषध दोनतीन दिवसांत निघून जातं, लघवीही नेहमीची होते. नॉरॲड उतरलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक आहे, बोटं गरम आहेत, तर सैल पडलेल्या वाहिन्यांचा तो प्रकार संपला. डिस्चार्जच्या कागदावर 'पंपानंतर व्हॅसोप्लेजिया, मेथिलिन ब्लू दिलं' हे लिहून घ्या, नसेल तर मागून घ्या. पुढे मोतीबिंदू असो की हर्निया, भूलतज्ज्ञाला तो कागद दाखवा, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळीसकट.